चौदा आणे म्हणजे हो

राखाडी तार गुलाबी भोकात घातली तर संगणक हटकत नाही. खुशाल घालून घेतो. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पावसला दादाच्या ओटीवर माझी फजिती झाली नसती. पण मग तिथे जे बोलणं निघालं तेही निघालं नसतं, आणि ते वर्षभर निघायचं राहिलं होतं. तेव्हा फजिती झाली ते बरंच झालं म्हणायचं.

तारा आणि भोकं म्हणजे काय, ते आधी सांगते. मी काही शिकलेली चित्रकार नव्हे. माझी जुनी अकरावी झाली, लग्न झालं, ब्लाउज शिवले, मग पुष्कळ वर्षं लोकांच्या लग्नात रुखवताच्या वस्तू करून दिल्या. भाताच्या लोंब्यांचे मोर, शंखशिंपल्यांचं घर, असलं सगळं. माझी मुलगी पुण्याला जाहिरातींची चित्रं करते. तिने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना माझ्याकडे ठेवून गेली. म्हणाली, "आई, भजनं बघ त्यावर." आठ दिवस बघितली भजनं. मग त्यातलं बाकीचं उघडून बघायला लागले.

तिचा तो चित्रांचा कार्यक्रम त्यात तसाच राहिला होता. त्यात चित्र काढायचं नसतं, चित्राची कृती मांडायची असते. पडद्यावर लहान लहान डबे असतात, प्रत्येकाचं काम ठरलेलं. एक डबा गोल गोळा बनवून देतो, दुसरा तो दाबतो, तिसरा त्याच्या शंभर प्रती काढतो. एका डब्यातून तार काढायची आणि दुसऱ्यात नेऊन सोडायची. मुलगी त्या डब्यांना नोड म्हणते, मी डबेच म्हणते. एक हिंदी बोलणारा माणूस व्हिडिओत हे शिकवतो, आणि असा काही भरभर बोलतो की मला दर दोन वाक्यांनी त्याला थांबवून वहीत लिहून घ्यावं लागे. पहिल्यांदा मी मोदक केला. कळ्यांचा आकडा बदलला की मोदक आपोआप बदलतो. अकराच्या एकवीस केल्या, एकशे एक केल्या, तेव्हा तो मोदक राहिला नाही, छत्रीसारखा दिसायला लागला. मी एकटीच हसत बसले होते.

तर भोकं. प्रत्येक डब्याला डावीउजवीकडे बारीक रंगीत भोकं असतात. राखाडी भोकातून आकडा जातो, कुठलाही, साडेतीनसुद्धा. गुलाबी भोकाला आकड्याशी कर्तव्य नाही, त्याला फक्त हो किंवा नाही हवं असतं. पाणी हवंय का विचारलं तर आपण म्हणतो, हवं पण थोडंसं. तसलं उत्तर त्याला चालत नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सोपं आहे.

आता पावस. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, तिथे हापूसची बाग आहे, कातळाच्या उतारावर. मी त्याच बागेत वाढले. आंबा किती तयार झाला ते आमच्याकडे आण्यांत सांगतात. नाणं कधीच गेलं, माप राहिलं. सोळा आणे म्हणजे झाडावर पुरता पिकलेला. तितकं थांबायचं नसतं. चौदा आणे झाला की झेल्याने, म्हणजे जाळी आणि पातं लावलेल्या लांब काठीने, देठासकट उतरवायचा आणि पेंढ्याच्या अढीत पिकवायचा. आधी काढला तर तो पिकत नाही, नुसता सुरकुततो, आणि चवीला दुधीभोपळा. दादा झाडाखाली उभा राहून मान वर करी आणि सांगे, हे कलम तेरा, ते पलीकडचं चौदा, वरच्या शेंड्याला साडेचौदा. कधी चुकल्याचं मला आठवत नाही. बहीण म्हणून सांगत नाही, बाकी गोष्टींत तो भरपूर चुकतो.

गेल्या वर्षी त्याचे डोळे गेले. अगदी अंधार नव्हे, मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. समोर बसलं तर आपला कान दिसतो त्याला, तोंड नाही. ऐन हंगामात दीड महिना तो उपचारांसाठी माझ्याकडे रत्नागिरीला होता, आणि पहिली काढणी त्याच्या सुनेवर आली. माझा भाचा लोट्याच्या एका केमिकल कंपनीत पाळीवर असतो, सुट्टीला येतो, त्यामुळे घरात करणारी ती एकटी. तिने गडी लावून आंबे उतरवले, पेट्या गेल्या, आणि दहा दिवसांनी फोनावर फोन, आंबे पिकत नाहीत, नुसते सुरकुततात. वर्षानुवर्षं आमच्याकडून नेणारी माणसं. कोणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. सगळे नुसतं विचारत होते, दादा बरे आहेत ना?

दादा घरी गेला आणि चारचौघांत म्हणाला, "बाग कळणाऱ्याच्या हातात द्यायला हवी." पालीचा एक व्यापारी केव्हापासून बाग खंडाने, म्हणजे वर्षाचे ठरीव पैसे देऊन, मागत होताच. शेवटी ठरलं ते असं, की यंदाची पहिली काढणी सुनेने करून बघावी. तीही तशीच गेली तर जूनपासून बाग व्यापाऱ्याकडे, आणि तिने आपल्या छोटीला घेऊन लोट्याला नवऱ्याकडे जावं. भाच्याने दोन खोल्या बघूनही ठेवल्या. तसं बघितलं तर यात वाईट काय, कोणी म्हणेल. पण ती मला म्हणाली, "मी जन्मले तिथल्याच कंपनीच्या वसाहतीत, आत्या. वीस वर्षं भोंगा ऐकला. इथे येऊन पहिल्यांदा मला कळलं की सकाळ आपली आपण होते." आणि मग पाटावरून उठून गेली, कारण तिला रडलेलं दाखवायला आवडत नाही.

फेब्रुवारीत हे बोलणं झालं आणि मी विचार केला, आपल्याला एवढे डबे जोडता येतात, ते मोदकातच घालवायचे का? आंब्याचा चित्रपट करू या. एक आंबा शून्य आण्यापासून सोळा आण्यापर्यंत कसा कसा बदलतो, आणि कुठला काढायचा, कुठला ठेवायचा. यंदा नेपाळी गडी नवीन होते, त्यांना आणे काय ठाऊक. फोनवर बघतील, शिकतील. सूनबाईलाही आधार.

दादाकडे वही घेऊन बसले. म्हटलं, "दहा आणे झालेला आंबा कसा दिसतो?"

"दहा आणे झाल्यासारखा."

"अरे पण दिसतो कसा?"

"तुला माहीत नाही? आंब्याच्या बागेत जन्मलीस ना गो?"

"मला माहीत आहे. माझ्या संगणकाला माहीत नाही."

"मग त्याला पाठव इकडे आठ दिवस, झाडाखाली उभा कर."

असं तासभर चाललं. शेवटी मी उठले, एक कैरी आणून त्याच्या हातात दिली आणि गप्प बसले. मग आपोआप बोलायला लागला. देठाजवळ अंगठा ठेवून म्हणाला, "हा आठ आणे. इथे अंगठा घसरतो बघ, खांदे उतरते आहेत. बाराला खांदे देठाच्या बरोबरीने येतात, अंगठा टेकतो. चौदाला दोन्ही खांदे देठाच्या वर चढतात आणि मध्ये खळगा पडतो, तिथे अंगठा बसतो. उठावासं वाटत नाही त्याला." मग रंगाचं सांगितलं. काळपट हिरवा कसा पुसट होत जातो, अंगावरचे ठिपके कसे एकमेकांपासून लांब जातात. मी भरभर लिहून घेतलं. इतकी वर्षं बरोबर राहून हे अंगठ्याचं मला कधी सांगितलं नव्हतं त्याने. मी विचारलंच नव्हतं म्हणा.

तीन आठवडे मी आंबा करत होते. पहिला आंबा बटाट्यासारखा झाला. दुसरा काजूसारखा. खांदे चढवायला गेले की चोच वर यायची. शेजारीण डोकावून म्हणाली, "कुंडी छान आहे." हळूहळू जमलं. आण्यांचा एक आकडा केला, तो वाढवला की खांदे भरत, रंग पुसट होई, ठिपके पांगत. मग एक झाड केलं आणि त्यावर साठ आंबे टांगले, प्रत्येकाला त्याचा त्याचा आकडा, कोणाला चार, कोणाला अकरा, कोणाला पंधरा. एका फांदीवर मोहोरही ठेवला. मोहोर म्हणजे अजून आंबाच नाही, म्हणून त्याला उणे दोन धरलं. आणि शेवटी एक डबा लावला, ज्याच्या गुलाबी भोकात हो आलं तर आंबा सोनेरी दिसावा, म्हणजे काढा, आणि नाही आलं तर हिरवा राहावा, म्हणजे ठेवा. आण्यांच्या आकड्याची राखाडी तार ओढली आणि त्या गुलाबी भोकात नेऊन सोडली. तार वाटेतच राखाडीची गुलाबी होत गेली, फार सुंदर दिसली. मला वाटलं, जमलं. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा वाजत होता, त्याला विश्रांती द्यावी म्हणून बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पावस गाठलं. नीट तपासून बघितलंच नाही, ही माझी खोड जुनी आहे. एकदा ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या.

ओटीवर दादा खुर्चीत, मी चटईवर, सूनबाई कोकम सरबत घेऊन आली आणि पेला हातात तसाच ठेवून पडद्याकडे बघत राहिली.

"आत्या, आंबे झकास झालेत. पण सगळेच काढायचे?"

"नाही गो. तयार असतील तेवढे. सोनेरी दिसतात तेवढेच."

"सगळेच सोनेरी आहेत."

मी चष्मा पुसला. खरंच सगळे. दिवाळीतल्या दिव्यांच्या माळेसारखं झाड लखलखत होतं.

"हा बघा," तिने बोट ठेवलं, "हा सुपारीएवढा आहे. ह्यालाही काढायला सांगतोय तुमचा संगणक. मोहोर तेवढा ठेवलाय, त्याची दया आली वाटतं."

दादाला मधलं दिसत नसलं तरी रंग कळतो. म्हणाला, "पिवळंधमक दिसतंय. सोळा आणे केलीस की काय सगळी बाग?"

माझे कान गरम झाले. पण मला कोणी गुरू नाही, त्यामुळे एक सवय आहे. अडलं की आकडा हळूहळू खालीवर करून बघायचं, कुठे काय बदलतं. एक आंबा निवडला. दादा म्हणाला, "मी आकडे सांगतो, तू त्याचं उत्तर सांग. चौदा?"

"हो."

"बरोबर. दहा?"

"हो म्हणतोय."

"पाच?"

"हो."

"एक?"

"हो."

"पाव आणा?"

"हो."

"शून्य?"

"नाही. आता हिरवा झाला."

"उणे?"

"उण्यालाही नाही."

दादा खुर्चीत डुलून डुलून हसला. "म्हणजे शून्याच्या वर चिमूटभर काही असलं की याचं हो. हा पालीच्या व्यापाऱ्याचा माणूस आहे. त्यालाही झाडावर काही लटकताना दिसलं की तयारच वाटतं."

मीही हसले. गुलाबी भोकाची रीत तेव्हा कळली. त्याला आकडा दिला तर तो आकडा वाचत नाही. काहीतरी आहे का एवढंच बघतो. आहे, मग हो. चौदा ही आपल्या डोक्यातली रेघ, ती त्याला कोण सांगणार? मी हे मोठ्याने बोलून दाखवलं, शाबासकी मिळावी म्हणून. तेव्हा लक्षात आलं की सूनबाई हसत नाहीये.

पेला खाली ठेवून ती म्हणाली, "गेल्या वर्षी मीही तेच केलं."

"काय केलंस?" दादाने विचारलं.

"तुम्ही आत्यांकडे होतात. मी फोन केला होता, बाबा. खालच्या अंगाच्या कलमांचं सांगितलं तुम्हाला, खांदे कसे आहेत, रंग कसा आहे. तुम्ही म्हणालात, बारा आणे आलाय. मी गड्यांना बोलावलं."

"बारा म्हणजे नाही," दादा म्हणाला.

"तुम्ही नाही म्हणाला नव्हतात. बारा म्हणालात."

"अगो, बारा म्हणजे नाहीच. आमच्यात कोणालाही विचार."

"तुमच्यात म्हणजे कोणात? मला कधी सांगितलंत?" तिचा आवाज चढला नाही, पण तिने पदर खोचला, आणि आमच्या घरात पदर खोचणं म्हणजे ऐकून घेणं नव्हे. "लोट्याला पप्पांच्या कंपनीत भिंतीवर मोठे काटे असायचे. प्रत्येक काट्याच्या तबकडीवर लाल खूण. काटा तिच्या अलीकडे असला तर काम चालू, पलीकडे गेला तर बंद. लहान मुलालाही कळायचं. तुमच्या आकड्याला खूण कुठे होती, बाबा? तुम्ही बारा म्हणालात, मला वाटलं, वा, बारा आले. पुष्कळ झाले."

लॅपटॉपच्या पंख्याची गिरणी तेवढी चालू होती.

खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटली. तो फोन आला तेव्हा दादा माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. मी आमटीला फोडणी देत होते. त्याने बारा म्हटलेलं मीही ऐकलं, आणि माझ्या डोक्यात आपोआप उमटलं, म्हणजे अजून नाही. लहानपणापासून हा आकडा ऐकून ऐकून त्याच्यापुढचं नाही आम्हाला न सांगता ऐकू येतं. तिला ते ऐकू आलं नसेल, असं आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही. नंतर वर्षभर सगळे तिला काय झालं ते सांगत राहिले. तू काय ऐकलंस, असं एकानेही विचारलं नाही.

दादा म्हणाला, "मग हे आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही म्हणालात, कळणाऱ्याच्या हातात द्यायला हवी. मला कळत नाही असंच मला वाटलं."

त्याने हात पुढे करून सरबताचा पेला चाचपला, तिने उचलून हातात दिला.

मला नुसतं बसवत नाही, म्हणून मी दुरुस्तीला लागले. तुलना करणारा एक डबा असतो, तो मध्ये घातला. एकीकडून आण्यांची तार, दुसरीकडे चौदा हा आकडा. चौदापेक्षा मोठा असेल तर हो, असं सांगितलं. झाड पटकन हिरवं झालं आणि मोजके आंबे सोनेरी राहिले. किती बरं वाटलं बघून.

"आत्या, हा चौदाचाच आहे ना?" सूनबाई वाकून बघत होती. "हा का राहिला झाडावर?"

बघते तर चौदापेक्षा मोठा म्हटल्यावर त्याने बरोबर चौदा असलेल्याला वगळलं होतं. कसला काटेकोर मेला. मग चौदा किंवा वर, असं केलं. तो आंबाही सोनेरी झाला.

"आणि लांबच्या पेट्या?" दादा एकदम म्हणाला. "जवळच्याला चौदा. दिल्लीला जायचा असेल तर साडेतेराला काढावा लागतो, वाटेत पिकतो."

"म्हणजे रेघ हलती आहे?" मी विचारलं. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू अंगठ्याचं विचारलंस. रेघेचं कोणी विचारलं?"

म्हटलं बरं. चौदा लिहिलं होतं ते पुसलं आणि तिथे आकड्याची वेगळी पट्टी करून ठेवली, बोटाने सरकवली की रेघ सरकते. साडेतेराला चार आंबे जास्त सोनेरी झाले, पंधराला झाड जवळजवळ हिरवं. सूनबाईने दोनतीनदा सरकवून बघितली आणि विचारलं, "हा आकडा कोण ठरवणार? तुम्ही की मी?"

दादा म्हणाला, "ऊन उतरलं का बघ." हे काही उत्तर झालं नाही, पण त्याचा तो स्वभाव आहे.

चित्रपट फोनांवर गेला. नेपाळी गड्यांतला मोठा, माझ्या भाच्याच्या वयाचा, तो बघून म्हणाला, "ये तो आलू है, भाभी." मग दुसऱ्यांदा बघताना स्वतःच खांद्यांवर बोट ठेवून म्हणाला, "यहाँ से देखना है." सूनबाई पंधरवडाभर रोज सकाळी त्याला घेऊन बागेत फिरायची, एकेका कलमापाशी थांबून आकडा म्हणायची, आणि प्रत्येक आकड्यापुढे 'हो' किंवा 'नाही'. दादा मागून काठी टेकत जायचा. खालच्या फांदीवरचा आंबा हातात घेऊन अंगठा लावायचा आणि काही न बोलता पुढे व्हायचा. तो काही बोलला नाही म्हणजे आकडा बरोबर, हेही मग मी तिला सांगून टाकलं. आता न सांगता काही सोडायचं नाही, असं ठरवलंच होतं मी.

एप्रिलात मळभ आलं. दोन दिवस आभाळ उतरलेलं, वारा पडलेला, आणि फोनवर कुठे कुठे अवकाळी झाल्याच्या बातम्या. आजूबाजूच्या बागांत झेले लागले. मी तिथेच होते तेव्हा. दादा सकाळी उठल्यापासून येरझाऱ्या घालत होता. शेवटी म्हणाला, "उतरवून घ्या. उद्या पाऊस आला तर काळे डाग पडतील, काही हाती लागायचं नाही."

सूनबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खालची कलमं तेरा आहेत."

"साडेतेरा धर."

"साडेतेरा नाहीत, बाबा. तेरा. आणि आपल्या पेट्या पहिल्यांदा जवळच जातात. नाही."

"पाऊस आला तर?"

"आला तर मी जाईन लोट्याला."

असं सरळ म्हणाली. मी तिथून उठून मागच्या दारी गेले, उगीच तुळशीला पाणी घातलं, सकाळीच घातलेलं होतं. मला दादाचं खरं वाटत होतं. मी तिच्या जागी असते तर उतरवले असते, आजही सांगते.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला नाही, वारा आला. अर्धा तास असा घोंघावला की पत्र्यावर आंबे पडल्याचे आवाज आम्ही तिघंही जेवताना ऐकत होतो. धप्. मग थोड्या वेळाने पुन्हा. कोणी घास उचलेना. छोटीला काही कळत नव्हतं, ती मोजत होती. वारा थांबल्यावर सूनबाई टोपली घेऊन गेली, गळलेले वेचून आणले, पुष्कळ होते. मी मोठ्या परातीत कैऱ्या घेऊन मेथांबा करायला बसले. हाताला काम हवं होतं.

पाचव्या दिवशी आभाळ मोकळं झालं. ती पहाटेच खालच्या अंगाला जाऊन आली, ओटीच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "चौदा. हो." आणि गड्यांना हाक मारली. दादाने काठी घेतली आणि तिच्यामागून गेला. मी वरून बघत होते. ती झाडाखाली मान वर करून उभी, तो शेजारी मान वर करून उभा, त्याला काय दिसत होतं देव जाणे. मोठा गडी वरून विचारायचा, "भाभी, ये?" ती म्हणायची, "हाँ." "ये?" "नहीं, रहने दो." त्या दिवशी अर्धेअधिक आंबे झाडावर राहिले. गेल्या वर्षी एका दमात झाड रिकामं झालं होतं.

अढी उघडली तेव्हा दादाने कोणाला हात लावू दिला नाही. पेंढा बाजूला सारून त्याने पहिला आंबा काढला, हातात फिरवला. सुरकुती नव्हती. नाकाशी धरला, पुष्कळ वेळ धरला. सूनबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. त्याने आंबा तिच्याकडे केला. "काप."

आंबा कसा होता ते लिहीत नाही, लिहून कळायचा नाही. दादाने दोन फोडी खाल्ल्या, बाठा छोटीला दिला, हात धुतले.

दुपारी भाच्याचा फोन आला. लोट्याचा घरमालक थांबायला तयार नव्हता, खोल्या घ्यायच्या की नाहीत ते आजच सांगा म्हणत होता. सूनबाईने फोन कानाला लावला, ऐकलं आणि दादापुढे धरला.

दादाने फोन घेतला. "एकट्या माणसाला दोन खोल्या कशाला रे?" तो म्हणाला. "झाडायच्या कोणी? एक घे. आणि सुट्टीला येशील तेव्हा रिकाम्या पेट्या घेऊन ये, हिला वरच्या अंगाला लागतील." मग फोन तिच्याकडे न देता तसाच हातात धरून तिला विचारलं, "वरची कलमं किती?"

"अकरा," ती म्हणाली. "नाही."

"हां," दादा फोनात म्हणाला. "पुढच्या आठवड्यात आणलेस तरी चालेल."